एका पायरीवरच्या दोघी

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मागच्या वेळी आपण परतफेड आणि नोंदवही यांवर बोललो. आज हिशेबाला सुट्टी. आज मी तुम्हाला गोष्टी सांगणार आहे. पण या गोष्टी राजाराणीच्या नाहीत. कामाच्या आहेत. कोण कोणाच्या हाताखाली राबतं, कोणाला बढती मिळते, कोणाची जागा कोण घेतं, आणि त्यावरून माणसं एकमेकांत कशी झुंजतात, याच्या आहेत.

तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही रोज बघतो, त्याला गोष्ट कशाला? खरं आहे. एकाच मुकादमाच्या टोळीत दोन कोयते एकमेकांशी बोलत नाहीत. खुरपणीला गेलेल्या बायांत एकीला दहा रुपये जास्त मिळाले की आठवडाभर धुसफूस चालते. आपल्या गटात अध्यक्ष कोण, सचिव कोण, यावरून रुसवेफुगवे होतात. पण आपण स्वतः भांडणात उभ्या असलो की आपल्याला फक्त समोरची दिसते. ती अशी बोलली, तिनं असं केलं. गोष्टीत मात्र सगळं घर दिसतं. माडीवर कोण बसलंय तेही दिसतं आणि ओसरीवर कोण भांडतंय तेही दिसतं. म्हणून मी गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली की कधी कधी पंधरा मिनिटं गोष्ट वाचते. आज त्यातल्याच तीन गोष्टी. एक हिंदीतली, एक बंगालीतली आणि एक आपल्या मराठीतली. तिन्ही माझ्या शब्दांत सांगते.

पहिली गोष्ट हिंदीतले मोठे लेखक भीष्म साहनी यांची. नाव आहे ‘चीफ की दावत’, म्हणजे साहेबाला दिलेली मेजवानी. शामनाथ नावाचा एक नोकरदार. त्याला बढती हवी आहे. म्हणून त्यानं कचेरीतल्या मोठ्या साहेबाला घरी जेवायला बोलावलंय. सकाळपासून नवराबायकोची धावपळ चाललीय. फालतू सामान कपाटामागं, पलंगाखाली लपवलं जातंय. आणि मग एकदम प्रश्न पडतो, आईचं काय करायचं?

म्हातारी आई. अडाणी, खेड्यातली. तिला कुठं लपवायचं? झोपली तर घोरणार. मग तिला सूचना मिळतात. व्हरांड्यात खुर्चीवर बस, पाय वर घेऊ नको, लवकर झोपू नको, हे कपडे घाल. मुलगा म्हणतो, हातात बांगड्या घाल. आई म्हणते, बाळा, दागिने तर तुझ्या शिक्षणापायी विकले. यावर मुलगा चिडतो.

साहेब येतात. जेवणाआधीच व्हरांड्यात म्हातारी दिसते. खुर्चीवर बसल्या बसल्या तिला डुलकी लागलेली. शामनाथला धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं. पण साहेबांना म्हातारीची गंमत वाटते. तिला गाणं म्हणायला लावतात. घरात जुनी फुलकारी असते. फुलकारी म्हणजे पंजाबातल्या बायका जाड्याभरड्या कापडावर रेशमी धाग्यानं भरतात ते भरतकाम. ती साहेबांना आवडते. शामनाथ लगेच म्हणतो, आई तुम्हाला नवी करून देईल.

रात्री आई खोलीत एकटी रडते. मुलाला म्हणते, मला हरिद्वारला पाठवून दे. मुलगा म्हणतो, मग फुलकारी कोण करणार? आई म्हणते, आता डोळ्यांना दिसत नाही रे. तेव्हा मुलगा बढतीचं सांगतो. आणि असंही सांगतो की साहेबाला खूश करायला दुसरे लोक काय कमी आहेत? आई विचारते, खरंच तुझी बढती होईल? आणि म्हणते, मग करीन बाबा, जमेल तशी करीन.

आता बघा, या गोष्टीत शामनाथचे प्रतिस्पर्धी एकदाही समोर येत नाहीत. त्यांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत. पण ते आहेत. त्यांच्या भीतीनंच घर झाडलं जातंय, आई लपवली जातेय. कचेरीत साहेब म्हणालेला नाही की तुझ्या आईचे डोळे मला दे. त्याला ते म्हणावं लागतच नाही. वरची जागा एक, आणि खाली हात जोडून उभे असलेले अनेक. एवढं असलं की पुरे. पुढचं सगळं खालची माणसं आपापसातच करतात, आणि त्याची किंमत घरातली सगळ्यात गरीब बाई भरते.

एका गटात ही गोष्ट वाचली तेव्हा एक काकू म्हणाल्या, “पोरगं वाईट नाही गं, घाबरलेलं आहे.” मला ते फार पटलं. चढाओढीत वाईट माणसांपेक्षा घाबरलेली माणसंच जास्त असतात.

दुसरी गोष्ट बंगालीतल्या महाश्वेता देवी यांची. आदिवासींसाठी, मजुरांसाठी आयुष्यभर लिहिणारी आणि धडपडणारी ही बाई. त्यांची सत्तरच्या दशकातली कथा आहे ‘स्तनदायिनी’. ही ऐकायला जरा जड आहे, पण आपण सगळ्या बाया आहोत, ऐकू.

जशोदा नावाची एक ब्राह्मण बाई. जातीनं वरची, पण घरात दारिद्र्य. नवऱ्याच्या पायांवरून श्रीमंत हालदारांच्या पोराची गाडी जाते आणि नवरा अधू होतो. घर कसं चालायचं? जशोदा हालदारांच्या वाड्यावर जाते. तिथं एक बाळ भुकेनं रडत असतं, आई आजारी. जशोदाच्या अंगावर दूध असतं, ती बाळाला पाजते. वाड्याच्या मालकिणीच्या लक्षात येतं की ही तर सोन्यासारखी सोय झाली. सुनांची बाळंतपणं होत राहतील, आणि दूध जशोदा पाजेल. बदल्यात जशोदाला रोज जेवण, सणाला लुगडं, काही पैसे.

म्हणजे तिचं दूध हीच तिची नोकरी. आणि दूध टिकवायचं तर दरवर्षी स्वतःचं पोट भरलेलं पाहिजे. ती बाळंतपणावर बाळंतपण काढते. वाड्यात तिचा मान असतो. बासिनी नावाची मोलकरीण तर तिचे पाय धुऊन तीर्थ घेते.

मग काळ बदलतो. मालकीण मरते. सुना शहाण्या होतात, त्यांना इतकी मुलं नको असतात. जशोदाच्या दुधाची गरज संपते. गरज सरो, वैद्य मरो. तिला स्वयंपाकघरात काम मिळतं. आणि तीच बासिनी आता तिला सुनावते की तुझे कपडे तू धू, आता तुझं नि माझं काम सारखंच.

मैत्रिणींनो, या एका जागी मी नेहमी थांबते. बासिनीचं चुकलं का? गटात यावर नेहमी दोन तट पडतात. काही म्हणतात, कालपर्यंत पाय धुत होती, आज तोंड वर करून बोलते. काही म्हणतात, बरोबर आहे, इतकी वर्षं दुसऱ्या नोकर बाईचे पाय का धुवायचे? मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. बासिनीनं पाय धुणं बंद केलं हे चांगलंच झालं. पण तिला बोलायचं बळ कधी आलं? जशोदा खाली घसरली तेव्हा. जशोदा वर असताना बासिनी गप्प होती, आणि मालकिणीपुढं तर दोघीही गप्प होत्या. दोघी एकाच वाड्यावर राबत होत्या, दोघींचं पोट त्या वाड्यावर होतं. त्या दोघींनी मिळून मालकिणीला कधी विचारलं नाही की म्हातारपणी आमचं काय?

शेवटी जशोदाला स्तनाचा कर्करोग होतो. ज्यांना दूध पाजलं त्यांतलं कोणी शेवटी तिच्याजवळ नसतं. दवाखान्यात ती एकटीच मरते. तिचं अंग झिजलं ते कामावरच झिजलं, पण त्या कामाला कोणी काम म्हटलंच नाही. आई म्हटलं, देवी म्हटलं. बाईच्या कामाला फार गोड नावं दिली जायला लागली की जरा सावध व्हावं, असं मला ही गोष्ट वाचल्यापासून वाटतं.

आता तिसरी गोष्ट, आपल्या मराठीतली. बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’. याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेत खळबळ उडाली. बागूल नाशिक जिल्ह्यातले. दलित साहित्यातलं ते फार मोठं नाव.

या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, गुजरातेत उधन्याला. शिकलेला आहे, कविता करतो, डोक्यात नव्या देशाची स्वप्नं आहेत. पण तिथं पहिला प्रश्न काय, तर जात कोणती. तो जात सांगायचं टाळतो. लोक त्याला वरच्या जातीचा समजून चालतात. रामचरण तिवारी नावाचा सोबतचा कामगार त्याच्या कवितेवर भाळतो, त्याला मान देतो, घरी जेवायला बोलावतो. आणि त्याच ठिकाणी काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा कामगार येतो. तोही दलित. पण तो जात लपवत नाही. कोणी अपमान केला की सरळ अंगावर जातो. आपला कवी हे सगळं बघतो आणि आतल्या आत जळतो, कारण शिव्या काशिनाथला पडतात, पण लागतात त्यालाही.

शेवटी कवीची जात उघडी पडते. काल त्याला गुरू मानणारे लोकच त्याला मारतात. आणि त्याला सोडवायला येतो काशिनाथ.

इथं लक्ष द्या. मारणारे मालक नाहीत. ते मोठे साहेब नाहीत. तेही रेल्वेत घाम गाळणारेच आहेत. पायरी एकच, तरी एक जण माणूस आणि दुसरा माणूस नाही. कथेतला तरुण मार खाऊनही त्या माणसांवर फार रागावत नाही. त्यांच्या डोक्यात हजारो वर्षांपासून जे भरलंय, त्याच्याकडे तो बोट दाखवतो.

पहिल्या दोन गोष्टींवरून कोणी म्हणेल, आपण सगळे गरीब, सगळे एक, भांडू नका. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. म्हण खरी आहे, पण बागूलांची गोष्ट त्यात एक अट घालते. आपण सगळ्या एक असं म्हणायच्या आधी बघा, आपल्यातल्या कोणाला सतरंजीच्या कडेला बसवलंय का? जिला मार बसतोय तिला “भांडू नको, एकी ठेव” असं सांगणं सोपं असतं. काशिनाथनं भांडण केलं म्हणून ती एकी मोडली नाही. ती आधीपासूनच खोटी होती.

आता तुम्ही म्हणाल, कलकत्ता, उधना झालं, आपल्या गावचं काय? सांगते.

आपल्या शाळेत पोषण आहार शिजतो. शिजवणाऱ्या बाया बहुतेक आपल्या गटांतल्याच. किती बाया ठेवायच्या, हे शाळेच्या पटावर ठरतं. पट २५ पर्यंत असला तर एक मदतनीस. २६ ते १०० असला तर दोन. पुढं दर शंभराच्या टप्प्याला एक वाढते. म्हणजे पट २६ वरून २५ झाला, एक पोर कमी झालं, की एका बाईचं काम जातं.

एका गावात असंच झालं. पट ३१ होता, तो २४ वर आला. दोघी शिजवत होत्या, आता एकच राहणार. एक गावठाणातली, एक वस्तीवरची. दोघी एकाच गटात. पाच वर्षं एका चुलीवर खिचडी शिजवलेल्या दोघी एकमेकींचं तोंड बघेनात. ही म्हणे, ती तांदूळ नेते. ती म्हणे, ही उशिरा येते. गटाच्या बैठकीत दोन बाजू पडल्या. दोघींच्या घरच्यांनी बचत भरायचं थांबवू म्हणून सांगितलं. दहा वर्षं चाललेला गट एका मदतनिसाच्या तुटपुंज्या मानधनावरून मोडायला आला.

त्या बैठकीत मी होते. आम्ही ठरवलं, कोण चांगली, कोण वाईट हे आज बोलायचं नाही. आज फक्त विचारायचं, दोनाची एक जागा झाली कशी? उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पट कमी झाला. पट का कमी झाला? ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या व्हॅननं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली. आणि त्या बैठकीत तावातावानं बाजू घेणाऱ्यांपैकी तिघींची मुलं त्याच व्हॅननं जात होती. हे बोलल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मी त्या तिघींना दोष देत नाही. आईला आपल्या मुलाचं बरं व्हावं असं वाटणारच. पण त्या दोघी एकमेकींना ज्या कारणासाठी खात होत्या, ते कारण त्यांच्यापैकी कोणीच नव्हतं.

मग दुसरा प्रश्न आला. गावात बोललं जात होतं की गावठाणातली ‘जुनी’ आहे, तिलाच ठेवा. एका मुलीनं शाळेचं रजिस्टर बघायला सांगितलं. रजिस्टरप्रमाणे वस्तीवरची बाई आठ महिने आधी लागलेली होती. मग ही ‘जुनी’ कशी झाली? तर काही घरांतून पहिल्यापासून कुजबूज होती की वस्तीवरच्या बाईच्या हातचं नको. ती कुजबूज ‘जुनी-नवी’चा पदर घेऊन बैठकीत आली होती. तो पदर ओढला तसं सगळ्यांना दिसलं.

गटानं शाळा व्यवस्थापन समितीला लिहून दिलं की नेमणुकीची तारीख बघा, बाकी काही बघू नका. वस्तीवरच्या बाईचं काम टिकलं. दुसरीचं गेलं. तिला गटानं अंतर्गत कर्जातून पहिला नंबर दिला, तिनं दोन शेळ्या घेतल्या. गोड शेवट झाला असं मी सांगणार नाही. दोघींत अजून पूर्वीसारखं बोलणं नाही. जिचं काम गेलं तिला शेळ्यांनी महिन्याचा पैसा येत नाही. पण गट मोडला नाही, आणि बैठकीत दोघी एकाच सतरंजीवर बसतात. कडेला कोणी नाही.

म्हणून या तीन गोष्टींतून मी तीन प्रश्न काढलेत. तुमच्या गटात, शेतावर, टोळीत, अंगणवाडीत कुठंही दोघींची जुंपली, की निवाडा करायच्या आधी हे विचारून बघा.

पहिला प्रश्न शामनाथच्या घरातला. ही जागा एकच का आहे, आणि ती एकच ठेवायचं कोणी ठरवलं? दुसरा हालदारांच्या वाड्यातला. या दोघी भांडत राहिल्या तर कोणाला काहीच विचारलं जाणार नाही? आणि तिसरा उधन्याच्या रेल्वेतला. दोघी सारख्या आहेत असं आपण म्हणतो, पण दोघींना उभं राहायला सारखी जागा मिळाली होती का?

या तीन प्रश्नांनी भांडण मिटेलच असं नाही. कधी कधी समोरचीनं खरंच चुकीचं केलेलं असतं, तेव्हा तसं सांगावंच लागतं. पण निदान राग योग्य दारात जाऊन उभा राहतो.

गोष्ट वाचायला शिकलेलं असायला लागत नाही. गटात एखादी नववी-दहावीची मुलगी असली की पुरे. ती वाचेल, बाकीच्यांनी ऐकावं. गावच्या वाचनालयात, शाळेच्या कपाटात बाबुराव बागूल, अण्णा भाऊ साठे, उर्मिला पवार यांची पुस्तकं मागून बघा. मिळाली नाहीत तर ग्रामपंचायतीत मागा. वाचनालयासाठी पुस्तकं मागणं हेसुद्धा मागणंच आहे, रस्त्या-पाण्यासारखं. एका वेळी एकच गोष्ट वाचा. वाचून झाली की लगेच बोध सांगू नका. आधी विचारा, यातली कोण आपल्यासारखी वाटली? बाया बोलायला लागतील. स्वतःच्या भांडणाबद्दल जी बाई तोंड उघडत नाही, ती बासिनीबद्दल तासभर बोलते. आणि बोलता बोलता स्वतःचंही सांगून जाते.

येत्या बैठकीसाठी एक विषय देते. समजा, जशोदा आणि बासिनी तुमच्या गटात असत्या. दर आठवड्याला एका सतरंजीवर बसल्या असत्या, एका वहीत दोघींची बचत लिहिली असती. तर त्या वाड्यावर काय वेगळं झालं असतं? त्यांनी मालकिणीकडे पहिलं काय मागितलं असतं? बोला, वाद घाला, आणि जे ठरेल ते आपल्या कार्यक्रमाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. पुढच्या वेळी तुमचीच उत्तरं वाचून दाखवीन.

तोवर, नमस्कार.